गाणं ऐकलं, पण विचारलं का?



"संगीताला भाषा नसते" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी वापरलं आहे. स्नेहसंमेलनाच्या सूत्रसंचालनात, निबंधाच्या शेवटी, पाहुण्यांच्या भाषणात ते हमखास येतं. मीही बरेचदा वापरलं. पण वर्गात आलेल्या अनुभवानंतर मला ते अर्धंच खरं वाटतं. गाणं कानाला लगेच भिडतं हे बरोबर. पण ते गाणाऱ्या माणसाला आपण समजून घेतलं, असं तेवढ्यानं होत नाही. त्यासाठी गाणं थांबल्यावर काही विचारावं लागतं. ते काय आणि कसं विचारायचं, याबद्दल आज लिहिते आहे. यात माझी एक चूकही आहे, ती आधी सांगते.

माझी चूक

माझी शाळा जिल्हा परिषदेची, साखर कारखान्याच्या परिसरातली. तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्याकडे आहे. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, माळावर कोप्या उभ्या राहतात आणि आमच्या पटावर सात-आठ नवीन मुलं येतात. कुणी शिक्षण हमी कार्ड घेऊन येतं, कुणाला आम्ही कोपीवर जाऊन आणतो. हंगाम संपला की ती निघून जातात.

एका वर्षी त्यात तिसरीतली एक मुलगी होती, बंजारा समाजातली. घरी गोरबोली, शाळेत मराठी. तिच्या बोलण्यातले काही शब्द ऐकून गावातली मुलं हसायची. मग तिनं बोलणंच कमी केलं. खिचडीच्या पंगतीत ती टोकाला बसायची आणि तिच्या शेजारची एक जागा रिकामी असायची. मी दोनदा रागावले, तेव्हा मुलं शेजारी बसली. तिसऱ्या दिवशी जागा पुन्हा रिकामी.

जानेवारीत स्नेहसंमेलन आलं. मला वाटलं, हीच संधी आहे. मी 'बंजारा नृत्य' बसवलं. तालुक्याच्या गावाहून आरशांचे घागरे भाड्यानं आणले आणि हिला पुढच्या रांगेत मधोमध उभं केलं. गाणं इंटरनेटवरून उतरवून घेतलं. कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या, गावकऱ्यांनी बक्षिसंही दिली. मी खूश.

सोमवारी खिचडीच्या वेळी पाहिलं, तर तिच्या शेजारची जागा रिकामीच. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "अगं, किती छान नाचलीस! तुमचं गाणं सगळ्यांना आवडलं." ती खिचडी खाता खाता हळूच म्हणाली, "बाई, ते आमचं गाणं नाही. ते पिक्चरमधलं आहे."

मी गप्प झाले. तिला पुढं उभं करायची घाई मी केली, पण तिच्या घरात कोणती गाणी गातात हे एकदाही विचारलं नव्हतं. आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत असे 'कोळीनृत्य', 'आदिवासी नृत्य', 'शेतकरी नृत्य' होतात. पोशाख भाड्याचा, गाणं सिनेमातलं, आणि ज्यांचं नाव लावलं ते लोक त्यात कुठेच नाहीत. मुलांची हौस होते, त्याला माझी हरकत नाही. फक्त त्यालाच 'एकमेकांची संस्कृती समजली' असं म्हणायचं मी सोडून दिलं.

चार प्रश्नांची वही

त्यानंतर मी शनिवारचा एक तास 'गाण्याची वही' या उपक्रमाला दिला. साहित्य म्हणजे एक शंभर पानी वही आणि माझा मोबाइल. मुलांना सांगितलं, "घरात, गल्लीत, शेतात, देवळात, दर्ग्यात, लग्नात, कुठंही ऐकलेलं एक गाणं किंवा वाद्य शोधून आणा. टीव्ही आणि मोबाइलवरचं सोडून." आणि प्रत्येक गाण्याला चार प्रश्न विचारून यायचं ठरलं:

१. हे कोण गातं किंवा वाजवतं?
२. कधी गातात?
३. कशासाठी गातात?
४. गाणारा हे कुणाकडून शिकला?

प्रश्न साधे आहेत. पण गंमत बघा, 'गाणं कसं आहे? आवडलं का?' हा प्रश्न यात नाही. तो मी मुद्दाम काढला. आवड-नावड सांगितली की मूल परीक्षक होतं. हे चार प्रश्न विचारले की त्याला समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं.

पहिल्या दोन शनिवारी वही बऱ्यापैकी भरली. कुणाच्या आजोबांचं भजनी मंडळ निघालं, कुणाची मामी मंगळागौरीची गाणी म्हणणारी. एका मुलाचे चुलते उरुसात कव्वालीला साथ करायला जायचे. एकानं सकाळी दारावर येणाऱ्या वासुदेवाला थांबवून चारही प्रश्न विचारले होते. तो म्हणाला, "बाई, त्यांना आजपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. ते खाली बसून सांगायला लागले."

'कशासाठी?' : आजी आणि ढावलो

चौथीतल्या एका मुलाची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणते असं कळलं. जातं घरात आता कोपऱ्यात पडून आहे, पण ओव्या पाठ. आम्ही आजींना शाळेत बोलावलं. त्याच आठवड्यात हजेरीच्या निमित्तानं मी संध्याकाळी कोप्यांवर गेले होते. त्या मुलीच्या आईला, म्हणजे तिच्या याडीला, मी वहीबद्दल सांगितलं. दिवसभर मोळ्या बांधून आलेली बाई, चुलीवर भाकरी टाकत होती. आधी लाजली. मग शेजारच्या कोपीतल्या दोघी आल्या आणि तिघींनी मिळून एक गाणं म्हटलं. 'रेकॉर्ड करू का? वर्गात ऐकवू का?' असं विचारून मी मोबाइलवर घेतलं.

शनिवारी आजी आल्या. त्यांनी ओव्या म्हटल्या. माहेरची वाट, भाऊ, सासरचं काम, असे विषय. मुलांनी विचारलं, "आजी, हे कशासाठी म्हणायचं?" आजी म्हणाल्या, "आरं, पहाटं उठून दोघी जावा दळाय बसायच्या. बोलाय दुसरं कोन हुतं? मनातलं जात्याला सांगायचं. जातं काय कुणाला जाऊन सांगत न्हाई."

मग मी कोपीवरचं गाणं लावलं. सुरांत लांबवलेली, रडवेली हाक. वर्ग शांत झाला. आजींनी नीट ऐकलं आणि मला विचारलं, "कोन गेलं गं हिच्या घरातलं?"

त्या मुलीला हसू आलं. ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, कुणी गेलं नाही. हे लग्नातलं आहे. ढावलो. नवरी सासरी निघाली की याडीच्या गळ्यात पडून म्हणते."

आजी जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मंग बराबर हाय की. आमी जात्याला सांगायचो, तुमी आईला सांगता. तुमचं बरं हाय, बोलून तरी मोकळ्या हुता."

शिक्षक मित्रांनो, हा प्रसंग मी अनेकदा आठवते. संगीताला भाषा नसते, हे पूर्ण खरं असतं तर आजींना ऐकताच कळायला हवं होतं. त्यांना दुःख ऐकू आलं, पण कशाचं ते चुकलं. विचारलं म्हणून कळलं. आणि सांगणारी कोण होती? जी दोन महिने वर्गात तोंड उघडत नव्हती, ती. त्या दिवशी पहिल्यांदा वर्गाला तिच्याकडून काहीतरी कळून घ्यायचं होतं.

ओव्यांबद्दल एक माहिती देते, तुम्हाला उपयोगी पडेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ओव्या गाणाऱ्या बायकांच्या आवाजात ऐकायला मिळतात. तुमच्या गावात ओवी म्हणणारं कुणी नसेल तर तिथून ऐकवा. पण आधी गावात शोधा.

'कधी?' : हलगी

वहीतलं सगळं इतकं सरळ गेलं नाही. चौथीतला एक मुलगा दोन शनिवार वही न भरता आला. त्याचे वडील हलगी वाजवतात हे सगळ्या गावाला माहीत. मधल्या सुट्टीत एकानं त्याला त्यावरून चिडवलं होतं. काय म्हटलं ते इथे लिहीत नाही, तुम्ही ओळखाल. आपल्याकडे काही वाद्यांना जात चिकटवलेली आहे. हलगीशिवाय मिरवणूक निघत नाही, कुस्तीचा फड रंगत नाही, आणि तरी वाजवणाऱ्याच्या मुलाला वर्गात ते सांगायची लाज वाटते.

मी त्याला वर्गात काही विचारलं नाही. त्याच्या वडिलांना घरी जाऊन भेटले. म्हटलं, "दादा, मुलांना ठेका शिकवायला याल का?" ते म्हणाले, "शाळंत? हलगी घिऊन?" दोनदा विचारून खात्री केली आणि आले.

आधी त्यांनी शाळेमागं थोडा पाला-काटक्या पेटवून हलगी शेकली. मुलांनी विचारलं, का? तर चामडं तापलं की ताणलं जातं आणि आवाज चढतो. आमचा विज्ञानाचा एक मुद्दा तिथेच झाला. मग त्यांनी तीन ठेके वाजवून दाखवले: लग्नाच्या वरातीचा, कुस्तीच्या फडातला आणि शेवटच्या यात्रेतला. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी, आणि वाद्य एकच. डोळे मिटून ऐकलं तरी मुलांना फरक कळत होता. मग सात-आठ मुलांनी वाजवून बघितलं. एकालाही दोन्ही हात वेगवेगळे चालवता येईनात. ज्यानं चिडवलं होतं, तोही त्यात होता. ज्याला चिडवलं होतं, त्यानं पुढं येऊन एकदम स्वच्छ ठेका धरला. वडिलांकडे न बघता.

'कधी वाजवतात?' या प्रश्नावर चर्चा चालू असताना तिसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "काका, लग्नात वाजवून झाल्यावर तुम्ही जेवायला कुठं बसता?"

मला घाम फुटला. ते मात्र सहज म्हणाले, "आता बसतो की सगळ्यांच्यात, पंगतीला. माझ्या वडलांच्या येळंला न्हवते बसवत. बाहेर थांबाय लागायचं." मुलगी म्हणाली, "का?" ते माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, "ते तुमच्या बाई सांगतील."

मी सांगितलं. तिसरी-चौथीच्या मुलांना कळेल एवढं सांगितलं. वर्षभर परिपाठात समतेच्या गोष्टी सांगूनही जो प्रश्न कुणी विचारला नव्हता, तो एका हलगीच्या ठेक्यामुळं विचारला गेला.

'कुणाकडून शिकला?' : एका भोपळ्याचा पाठ

पुढच्या दोन शनिवारी आम्ही गावाबाहेर पडलो, अर्थात नकाशावर. सुरुवात केली म्हातारी आणि भोपळा या गोष्टीनं. सगळ्यांना पाठ. मग विचारलं, "भोपळ्यातून म्हातारी गेली. आणखी काय काय जातं?" उत्तर आलं नाही. मी म्हटलं, "सूर जातो."

आमच्या शाळेच्या भिंतीवर वारली चित्र आहे, तुमच्याही असेल. गोलात नाचणारी माणसं आणि मध्ये एक लांब वाद्य वाजवणारा. मुलं चार वर्षं ते चित्र बघतात, पण तो काय वाजवतो हे एकालाही सांगता आलं नाही. ते वाद्य तारपा. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि मेण यांपासून बनवतात, पुढं ताडाच्या पानांचा कर्णा असतो. पालघर जिल्ह्यात जव्हार, डहाणूकडे वारली लोक तो वाजवतात आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचतात. मी तारप्याचा आवाज मोबाइलवर ऐकवला. त्यानंतर मुलं भिंतीवरच्या चित्राजवळ जाऊन उभी राहिली. एक जण म्हणाला, "बाई, म्हणजे हे चित्र इतके दिवस मुकं होतं."

दुसरा भोपळा मिरजेचा. मिरजेचा तंबोरा आणि सतार देशभर जातात. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. त्यासाठी लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतांत पिकतात. तंबोरे बनवणारी मूळ घराणी शिकलगारांची. शिकलगार म्हणजे तलवारी, शस्त्रं यांना धार लावणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर. राजेरजवाड्यांचा काळ सरत आला, शस्त्रांचं काम कमी झालं, तेव्हा १९व्या शतकात त्यांतले काही जण वाद्यं दुरुस्त करू लागले आणि मग बनवू लागले. पंढरीच्या वाटेवरचा भोपळा, मुस्लिम कारागिराचा हात, आणि त्याच तंबोऱ्यावर देवळात भजन, मैफलीत ख्याल. मुलांनी नकाशावर मंगळवेढा ते मिरज रेघ ओढली.

आता चौथा प्रश्न. आषाढीच्या सुमारास ज्यांचे अभंग गावोगावी लावले जातात, ते पंडित भीमसेन जोशी. ते कुणाकडून शिकले? सवाई गंधर्वांकडून, म्हणजे कुंदगोळच्या रामभाऊंकडून. त्यांचे गुरू कोण? उस्ताद अब्दुल करीम खाँ. खाँसाहेब मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचे. त्यावरूनच 'किराणा घराणं' हे नाव पडलं. पुढं ते मिरजेत राहिले. १९३७ मध्ये ते गेले, आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात आजही तिथं गायक-वादक येऊन सेवा म्हणून गातात. हिराबाई बडोदेकर या खाँसाहेबांच्या कन्या. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून भीमसेनजींनी गुरूंच्या स्मृतीसाठी चालवला. भीमसेनजींचा जन्म गदगचा, घरची भाषा कन्नड.

फळ्यावर मी खालून वर चार पायऱ्या काढल्या: पंढरीचा अभंग, गदगचे भीमसेन, कुंदगोळचे सवाई गंधर्व, कैरान्याचे खाँसाहेब. कव्वालीवाल्या चुलत्यांचा पुतण्या आणि भजनी आजोबांचा नातू एकाच बाकावर बसतात. दोघंही फळ्याकडे बघत होते. भजनी आजोबांच्या नातवानं विचारलं, "बाई, मग हे गाणं नक्की कुणाचं?" मी म्हटलं, "तूच सांग." तो म्हणाला, "ज्यानं शिकून घेतलं त्याचं." मला याहून चांगलं उत्तर येत नाही.

वेळ उरला तर गोव्याचं घुमटही घ्या. मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी उघडं, एका तोंडावर चामडं. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता तिच्या संरक्षणासाठी बकरीचं लावतात. गणपतीच्या आरतीला हिंदू घरांत घुमट वाजतं आणि मांडो गाताना ख्रिस्ती घरांतही तेच वाजतं. गोवा सरकारनं २०१९ मध्ये त्याला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं.

गणितही होतं बरं का!

काही पालक विचारतात, "यात अभ्यास कुठे आहे?" त्यांच्यासाठी एक खेळ. दादरा ६ मात्रांचा, केरवा ८ मात्रांचा. वर्गाचे दोन गट करा. सगळ्यांनी एकाच गतीनं मात्रा मोजायच्या. एका गटानं दर ६ मात्रांनी मोठी टाळी द्यायची, दुसऱ्यानं दर ८ मात्रांनी. पहिली टाळी एकत्र पडते, मग दोन्ही गट वेगळे जातात. पुन्हा एकत्र टाळी कधी पडेल? मुलं मोजतात आणि शोधून काढतात: २४ मात्रा झाल्या की. सहा चोक चोवीस, आठ त्रिक चोवीस. माझ्या वर्गात हे सर्वात आधी त्या ऊसतोडीच्या मुलीनं सांगितलं. पाढे तिला नीट येत नव्हते, पण टाळ्या तिनं अचूक मोजल्या.

भाषेसाठी गाण्याची माहिती लिहिणं, मुलाखतीचे प्रश्न तयार करणं, आणि परिसर अभ्यासासाठी नकाशा, पिकं, स्थलांतर, व्यवसाय हे सगळं याच वहीत बसतं. वेगळा वेळ फारसा लागत नाही.

करून बघणार असाल तर एवढं सांभाळा

- 'तुमच्या समाजाचं गाणं आण' असं मुलाला कधीही म्हणू नका. 'तू ऐकलेलं गाणं आण' म्हणा. मूल कुठल्याही समाजाचं प्रतिनिधी नाही. ज्याला सांगायचं नाही त्याला सूट द्या.
- जो प्रश्न एकाला, तोच सगळ्यांना. फक्त 'वेगळ्या' मुलांना विचारलं तर ती आणखी वेगळी पडतात. तुमच्या स्वतःच्या घरातलं गाणंही वहीत लिहा. मी माझ्या आईचं अंगाईगीत लिहिलं.
- ध्वनिमुद्रण विचारून करा, वर्गापुरतं ठेवा, कुठल्याही ग्रुपवर टाकू नका.
- गाणं ऐकताना मुलं हसतील. नवीन आवाजाला हसू येतंच. रागावू नका, 'हे कोण गातं?' हा प्रश्न विचारायला लावा.
- काही गाणी देवाची असतात, काही दुःखाची. ती कुठं आणि कधी म्हणायची नाहीत हे गाणाऱ्यांना विचारा आणि पाळा. आम्ही हलगीचा शेवटच्या यात्रेतला ठेका ऐकला, पण मुलांना वाजवायला दिला नाही. ते वादकांनीच सांगितलं होतं.
- पालकांपैकी कुणी हरकत घेईल. एका पालकांनी मला विचारलं, "आमच्या पोराला हे कशाला ऐकवता?" मी त्यांना पुढच्या शनिवारी वर्गात बसायला बोलावलं. ते आले, शेवटपर्यंत बसले. पटलं असं म्हणाले नाहीत, पण पुन्हा हरकतही घेतली नाही.

पालकांसाठी

घरी वेगळं काही करायची गरज नाही. गाडीत, मोबाइलवर आठवड्यातून एक गाणं असं लावा जे तुमच्या घरचं नाही. कळलं नाही तर 'काय हे!' म्हणून बदलू नका. मुलासमोर स्वतःच विचारा, 'हे कोण गात असतील? कशासाठी?' दारावर वासुदेव आला, गोंधळी आले, तर पैसे देऊन दार लावण्याआधी मुलाला एक प्रश्न विचारू द्या. आपण कसं ऐकतो हे मुलं बघत असतात. आपण तोंड वाकडं केलं तर तेही शिकतात.

शेवटी

त्या वर्षी होळीपर्यंत कारखान्याचा हंगाम चालूच राहिला. त्या मुलीला तांड्यावर जाता येणार नव्हतं. होळीची लेंगी तिथं म्हणायची असते, सगळ्यांनी मिळून, फेर धरून. होळीच्या आधीच्या शनिवारी ती स्वतःहून म्हणाली, "बाई, मी लेंगी शिकवू का?" तिनं शिकवली. शब्द आम्हाला नीट म्हणता येईनात. आमचे उच्चार ऐकून ती पोट धरून हसत होती, आणि वर्ग तिला "परत सांग ना" म्हणून विनवत होता. नोव्हेंबरमध्ये हसणारे कोण होते आणि हसू कुणाच्या बोलण्याचं होतं, ते मला आठवलं. फरक एवढाच की तिच्या हसण्यानं कुणी गप्प झालं नाही.

सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. हलगीवरून चिडवणं एकदा पुन्हा झालं. हंगाम संपल्यावर ती मुलगी गेली आणि पुढच्या वर्षी आली नाही, तिची टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली. पण शेवटच्या महिन्यात पंगतीत तिच्या शेजारची जागा रिकामी नसायची, आणि मी एकदाही रागावले नव्हते.

गाण्याची वही आता तिसऱ्या वर्षात आहे. त्यात लेंगीचं पान आहे. 'कुणाकडून शिकलो?' या प्रश्नापुढं माझ्या वर्गातल्या सव्वीस मुलांनी त्या एका मुलीचं नाव लिहिलं आहे. या शनिवारी तुम्हीही एक वही काढा, चार प्रश्न लिहा आणि करून बघा.